दुकान वाढवायचं आहे

एकदा एका दुकानदाराने आपलं दुकान उठल्याची वार्ता आपल्याच गिऱ्हाइकांना कळवली, आणि तीही स्वतः हुकूम सोडून, चांगल्या शब्दांत. गोष्ट पुराणातली नाही, कालपरवाची आहे. आणि ज्याच्या हातून हे घडलं तो माणूस खुळाही नव्हता. घाईत होता, एवढंच.

त्याचं नाव पुरुषोत्तम शेटे. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी त्याचं मेतकूट, भाजणी आणि मसाल्यांचं दुकान. ते त्याच्या वडिलांनी, विश्वनाथशेठांनी उभं केलं होतं. वडील जाऊन काही वर्षं झाली होती. दुकान चांगलं चाललं होतं, पण पुरुषोत्तमाला 'चांगलं' पुरेनासं झालं होतं. त्याने मोठी जागा हेरली होती, पाकिटं भरायचं यंत्र बोलून ठेवलं होतं, शहरांतल्या दुकानांत माल ठेवण्याची बोलणी चालू होती. आणि या सगळ्याच्या आड काय येत होतं? तर गिऱ्हाईक! कोणी फोन करून विचारी, उपासाची भाजणी वेगळ्या चक्कीवर दळता ना? कोणी म्हणे, मेतकुटात हिंग जरा कमी घालून द्याल का, आमच्या आजींना सोसत नाही. दिवसभर हेच. पुरुषोत्तम अगदी मेटाकुटीला आला.

पेठेत आप्पा म्हणून एक वृद्ध गृहस्थ होते. एके काळी धान्याची मोठी अडत चालवलेली, पुढे तराजू मुलांच्या हाती देऊन दत्ताच्या देवळाच्या ओसरीवर येऊन बसलेले. पुरुषोत्तम तरुणपणी त्यांच्याच अडतीवर धंदा शिकला होता, म्हणून तो त्यांना गुरू मानी. आप्पांना ते मुळीच खपत नसे. "गुरू कसला बोडक्याचा, शेंगदाणे विकले मी जन्मभर," असं म्हणत. पण कोणतंही मोठं पाऊल टाकण्याआधी पुरुषोत्तम ओसरीवर जाऊन येई. त्याप्रमाणे गेला.

"आप्पा, मला कामाला वेळच मिळत नाही."

"कोणत्या कामाला?"

"धंद्याला."

"आणि दिवसभर फोनवर बोलत असतोस, तो काय असतो?"

"तो त्रास असतो," पुरुषोत्तम म्हणाला.

आप्पा मोठ्याने हसले. म्हणाले, "मग बोलायला एखादं माणूस ठेव बाबा. तुझा त्रास तरी कोणाला कळू दे."

हल्ली अशी माणसं मिळतात. त्यांना व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. म्हणजे दुकानात न येणारा मदतनीस. तो आपल्या घरी बसून, फोन आणि संगणक यांवरून आपलं काम पाहतो: आलेल्या निरोपांना उत्तरं देतो, मागण्या नोंदवतो, कोणाचा माल कुठवर पोचला ते सांगतो. पुरुषोत्तमाने इंटरनेटवर शोधून अशी एक बाई नेमली. वैजयंती तांबे तिचं नाव. पन्नाशी उलटलेली, खानदेशात आपल्या घरी राहणारी. नेमताना एकदा पडद्यावर तोंड पाहिलं तेवढंच.

बाई कामाला चोख होती, आणि मायाळूही होती. मागणी नोंदवताना ती "आजींना बरं आहे ना आता?" असंही विचारी. गिऱ्हाइकं खूश, पुरुषोत्तम मोकळा. पण मोकळा झाला म्हणून तो निवांत थोडाच झाला! स्कूटरवरून जाता जाता फोनमध्ये चार वाक्यं बोलून तो तिला कामं सांगे. तिचं उलट उत्तर आलं तर अर्धंच ऐके. बाकीचं "हो हो, करा तुम्ही" या चार शब्दांत भागवी.

नवरात्र जवळ आलं. या दुकानाचं सारं वर्ष दिवाळीच्या चकलीवर उभं असतं. ती भाजणी खपली तर पुढे सगळं जमतं, नाही तर नवी जागा राहोच, जुनी टिकवणंही मुश्कील. अशा वेळी पुरुषोत्तमाने एके दिवशी घाईघाईत वैजयंतीबाईंना फोन लावला.

"ताई, ठरलं माझं. दुकान वाढवायचं."

बाई हळूच म्हणाल्या, "वाढवायचं? कायमचं?"

"म्हणजे काय! चार दिवसांसाठी कोणी वाढवतं का?"

"पण शेठ, चांगलं चाललंय की."

"चांगलं चाललंय म्हणून तर आत्ता. पुढे हातपाय चालेनात, मग काय उपयोग?"

"वहिनींना विचारलंत?"

"ती तर केव्हापासून मागे लागलीय."

"तुमचे वडील आज असते तर…"

"अहो, त्यांच्याही मनात होतंच. त्यांच्या हातून ते राहून गेलं." मागून ट्रकवाला भोंगा वाजवत होता. पुरुषोत्तम घाईने म्हणाला, "जुन्या गिऱ्हाइकांना कळवून टाका. चांगल्या शब्दांत. बाबांचं नाव घ्या, इतक्या वर्षांचा ऋणानुबंध वगैरे येऊ द्या. दिवाळीच्या आधी कळायला हवं सगळ्यांना."

"मजकूर आधी तुम्हाला दाखवते."

"दाखवायचं काय त्यात? तुमच्यावर विश्वास आहे."

खरं म्हणजे त्याला वाचायचा कंटाळा होता. कंटाळ्याला विश्वास म्हणण्याची सोय आपण सगळेच करून घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषोत्तम दुकान उघडतो न उघडतो तोच समोरचे बाबुराव खटावकर रस्ता ओलांडून आले. तेही मसाल्याचेच दुकानदार, म्हणजे एका परीने प्रतिस्पर्धीच. पण चेहरा असा उतरलेला, की पुरुषोत्तम घाबरला.

"पुरुषोत्तमा, काय झालं रे? तब्येत ठीक आहे ना? घरात काही…?"

"मला काय धाड भरलीय?"

बाबुरावांनी आपला फोन त्याच्यापुढे धरला. त्यांच्या सौभाग्यवती चकलीची भाजणी चोरून शेट्यांकडून नेत असत, म्हणून निरोप त्यांच्या घरीही पोचला होता. पुरुषोत्तम वाचू लागला.

"सप्रेम नमस्कार. कैलासवासी विश्वनाथशेठ शेटे यांनी लावलेलं हे दुकान आता आपला निरोप घेत आहे. आपण आपल्या स्वयंपाकघरात आम्हाला इतकी वर्षं जागा दिलीत. आपल्या घरच्या बाळाच्या पहिल्या घासाला, आजारपणातल्या मऊ भाताला, दिवाळीच्या ताटाला आमचा हात लागला, हे आमचं भाग्य. कधी माल उशिरा आला, कधी तिखट पुढे गेलं, आपण सांभाळून घेतलंत. कोणाचे वेगळे आभार मानायचे राहून गेले असतील, तर ते आता मानतो. आम्ही आपले फार फार ऋणी आहोत."

पुरुषोत्तम मटकन धण्याच्या पोत्यावर बसला.

फोन लावून तो ओरडलाच, "अहो बाई, तुम्ही माझं दुकान बंद केलंत!"

"तुम्हीच म्हणालात ना शेठ," बाई रडवेल्या झाल्या, "वाढवायचं म्हणून?"

आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे जुन्या घरांतून 'दुकान बंद करा' असं म्हणत नाहीत. ते अशुभ वाटतं. बांगडी फुटली तर ती 'वाढवली' म्हणतात, देवापुढचा नारळ फोडत नाहीत, 'वाढवतात', आणि दिवस मावळला की दुकानही 'वाढवतात'. विश्वनाथशेठ रोज संध्याकाळी "चला, वाढवू या आता" म्हणत. पुरुषोत्तमाचं सारं बालपण हे वाक्य ऐकण्यात गेलं होतं. पण तो स्वतः "शटर ओढ रे" म्हणू लागला, आणि 'वाढवणं' त्याला फक्त यंत्रांचं आणि जागेचं आठवू लागलं. बाई मात्र दुकानदाराच्या घरात वाढलेल्या. त्यांना दुसरा अर्थ सुचलाच नाही.

पुरुषोत्तमाने तावातावाने फोनवर मजकूर लिहिला. "कालचा निरोप सर्वस्वी चुकीचा होता. त्यास जबाबदार असलेल्या बाईंना कामावरून दूर करण्यात आले आहे." लिहिला, पण पाठवण्याआधी पाय सवयीने ओसरीकडे वळले.

आप्पांनी चष्मा पुसून दोन्ही मजकूर शांतपणे वाचले. कालचा तर दोनदा वाचला. मग फोन आपल्या सदऱ्याच्या खिशात घातला आणि वर बटण लावलं.

"आप्पा, फोन!"

"राहू दे. दुपारी देतो."

"दुपारी? अहो, दिवाळी तोंडावर आलीय! मी गेलो असं समजून सगळी गिऱ्हाइकं दुसरीकडे वळतील. एकदा मोडलेली पायवाट पुन्हा रुळत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"शिकवलं असेल. आता दुकानात चल. जो येईल त्याला बसायला दे. त्याला जे बोलायचं असेल ते पुरतं बोलू दे. त्याचं बोलणं संपलं, की मग खरं काय ते सांग. खोटं एक अक्षर बोलायचं नाही, पण मध्ये तोंडही घालायचं नाही."

म्हाताऱ्याला चळ लागला की काय, असं पुरुषोत्तमाला वाटून गेलं. घर पेटलंय आणि हे म्हणतात, पाणी दुपारी आणू! पण ज्या माणसाने धंदा शिकवला त्याच्या खिशात हात कसा घालायचा? गेला मुकाट्याने. आप्पाही काठी टेकत मागोमाग आले आणि दुकानात एका कोपऱ्यात स्टुलावर बसले.

पहिले आले दौलतराव पिसाळ. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, फार न बोलणारे. आले, बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पुरुषोत्तमाची जीभ नुसती वळवळत होती. त्याने ती आवरली.

"तुमच्या वडिलांनी आमच्या मंडळींसाठी बिनमिरचीचं मेतकूट करून दिलं होतं," दौलतराव म्हणाले. "शेवटी शेवटी तिला दुसरं काही जायचं नाही. एवढ्याशा मेतकुटासाठी शेठांनी चक्की झाडून, पुसून, वेगळं दळलं. परत परत दळलं. मी घेऊन जायचो. आभार मानायचं तेव्हा सुचलंच नाही, मन ठिकाणावर कुठं होतं. नंतर वाटायचं, आता इतक्या दिवसांनी काय बोलायचं, दुकान काय पळून जातंय? काल तुमचं वाचलं. म्हटलं, आपणच राहिलो की आभार मानायचे, आणि हे आपले मानतायत." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "तेवढंच सांगायला आलो होतो."

पुरुषोत्तमाने त्यांना खरं काय ते सांगितलं. दौलतराव म्हणाले, "मग झकास झालं," आणि उठले. दारातून वळून म्हणाले, "पण मी बोललो ते राहू द्या." पुरुषोत्तम त्यांना पायरीपर्यंत पोचवून आला. कमी हिंग, बिनमिरची असल्या फरमायशी यापुढे घ्यायच्या नाहीत, असं त्याने गेल्याच पंधरवड्यात बाईंना बजावलं होतं.

मग शालन माने आल्या. त्या खानावळ चालवत, आणि दिवाळीत चकल्या करून विकत. त्या बसल्याच नाहीत.

"काय हो, विचारायची काही पद्धत? उठले आणि दुकान बंद केलं? माझ्या चकल्या पहिल्यांदा कढईत विरघळल्या, तेव्हा मी इथं या पायरीवर बसून रडले होते. तुमच्या वडिलांनी आत बोलावलं, शेगडी पेटवली, तेल किती तापवायचं, पीठ कसं मळायचं, उभं राहून शिकवलं. त्या चकलीवर माझ्या दोन पोरी शिकल्या. आणि तुम्ही आम्हाला एका ओळीत निरोप देता? मी कुठं जाऊ आता?" बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"शालनताई, दुकान चालू आहे. चूक झाली कळवण्यात."

शालनताईंनी पदराने डोळे पुसले. "चालू आहे? मग मेल्या, असं लिहितात होय? माझा जीव गेला असता की!" आणि त्याच दमात दिवाळीच्या भाजणीची अशी मागणी सांगितली, की पुरुषोत्तमाला ती दोनदा विचारावी लागली.

अशी माणसं येत राहिली. काहींनी तर त्याच सकाळी दुसरीकडे माल सांगून टाकला होता, तेही त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. पण येऊन कबूल केलं. बाबुरावांनी पुन्हा रस्ता ओलांडून सर्वांसाठी चहा पाठवला. "तू उठलास तर माझं फावेल असं लोकांना वाटतं," ते पुरुषोत्तमाला म्हणाले, "पण तुझ्याकडे आलेलं माणूस माझ्याकडेही डोकावतं रे. मला एकट्याला या पेठेत करमेल का?"

दुपारी गर्दी ओसरली. आप्पांनी खिशाचं बटण काढून फोन पुढे केला. पुरुषोत्तमाने तो घेतला नाही.

"आप्पा, हे सगळं बाबांचं आहे. मी काय केलं यात?"

"तू दुकान उघडं ठेवलंस, हे काय थोडं आहे?" आप्पा म्हणाले. "फोन मी का घेतला माहीत आहे? माणूस गेल्यावर लोक मनापासून बोलतात, आणि ज्याच्याबद्दल बोलतात तोच तेवढा ऐकायला नसतो. तुला जिवंतपणी ते ऐकायचा योग आला होता, आणि तू रागाच्या भरात दार लावून घ्यायला निघाला होतास. आता आपल्या शब्दाकडे बघ. दिवस संपताना आपण दुकान वाढवतो. पंगतीत उभे राहून अन्न वाढतो. आणि धंदा मोठा झाला तर वाढला म्हणतो. तुला त्यातलं शेवटचं तेवढं पाहिजे होतं. तुझ्या बापाने जन्मभर मधलं केलं. लोकांच्या पानात वाढत राहिला, म्हणून दुकान उभं राहिलं. पण आभाराचे दोन शब्द तोही कधी बोलला नाही, आणि लोकही बोलले नाहीत. दोन्हीकडे ते पान रिकामं होतं. त्या दूरच्या बाईने चुकून का होईना, ते वाढलं. चूक शब्दाची झाली रे. मनाची नव्हती."

पुरुषोत्तमाने आप्पांच्या हातून फोन घेतला. मग वैजयंतीबाईंना लावला.

तो तोंड उघडण्याआधीच बाई बोलू लागल्या. "शेठ, माझी चूक झाली. मी पुन्हा नीट विचारायला हवं होतं. काम सगळं आवरून ठेवलंय, नव्या माणसाला अडचण यायची नाही. मी आजपासूनच निरोप घेते."

"तुम्ही विचारलं होतंत, ताई. मीच नीट ऐकलं नाही." तो थांबला. "मला एक सांगा, ते शब्द तुम्ही कुठून आणलेत? ऋणानुबंध वगैरे घाला, एवढंच मी म्हणालो होतो."

बाई जरा घुटमळल्या. "माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. चालेनासं झालं, तेव्हा त्यांनी एके दिवशी कुणाला न सांगता कुलूप लावलं. लाज वाटली त्यांना. मग मरेपर्यंत ते पेठेतून गेले नाहीत, कोणी भेटेल म्हणून लांबून वळसा घालायचे. सारखं म्हणायचे, लोकांनी इतकी वर्षं घरचं मानलं, दोन शब्द बोलून तरी दुकान वाढवायला पाहिजे होतं. काल तुमचं लिहायला बसले, आणि त्यांचं लिहून झालं. क्षमा करा."

पुरुषोत्तमाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर आप्पा दुसरीकडे पाहत राहिले.

"क्षमा कसली, ताई? मी तुमचा फार आभारी आहे," तो म्हणाला. हे वाक्य आपण इतक्या दिवसांत तिला एकदाही म्हटलं नव्हतं, हे म्हणतानाच त्याच्या ध्यानात आलं. "आता एक काम करा. सगळ्यांना पुन्हा निरोप पाठवायचाय."

"हो, सांगा. चूक माझ्या नावावर घालून लिहिते. काय लिहू?"

"नवीन काही लिहू नका. कालचाच मजकूर घ्या. त्यातले आभार आहेत तसे ठेवा. निरोप घेतल्याचं तेवढं काढा."

बाई चाचरत म्हणाल्या, "आणि शेठ, मी आत्ता घेतला तो निरोप?"

"तोही काढा," पुरुषोत्तम म्हणाला.

आपलंही कोणाकोणाला असं काही सांगायचं राहिलं असेल. त्यासाठी दुकान वाढवायची वेळ येण्याची वाट पाहू नये.